फिट म्हणून सुटलेला माणूस

नागपुरातल्या गांधीबागेच्या ठोक कापड बाजाराला, शेजारच्या इतवारीतल्या सराफ्याला आणि सेंट्रल अव्हेन्यूवरच्या बँकांना रखवालदार लागतात, आणि रखवालदार म्हटला की मालकाला फौजी हवा असतो. तो वेळेवर येतो, बंदूक कशी धरायची हे त्याला शिकवावे लागत नाही, आणि तो दारात उभा राहिला की दुकानाचा रुबाब वाढतो. माजी सैनिकांसाठी राज्य शासनाने काढलेले महामंडळ, मेस्को, असे सुरक्षारक्षक पुरवण्याचेच काम करते. जवान सतरा-अठरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, त्यामुळे दुसरी नोकरी ही त्याची हौस नसते. आता या माणसाच्या भोवतालचा नकाशा पाहा. मेयो रुग्णालय गांधीबागेतून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. छिंदवाडा रोडवर १८६४ साली सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठीची छावणी आहे, तिथे लष्करी इस्पितळ आहे. पेन्शनर सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएसची आरोग्य योजना आहे. गडचिरोलीतल्या एखाद्या खेड्यातल्या माजी सैनिकाला डॉक्टरपर्यंत पोहोचायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, दिवस मोडतो. गांधीबागेतल्या फौजीला ती अडचण नाही. तरीही झोप उडालेला, जरा आवाज झाला की दचकणारा, चिडचिडा किंवा नुसताच गप्प झालेला माजी सैनिक डॉक्टरकडे येतो तो सगळ्यात शेवटी, आणि बहुधा बायको किंवा भाऊ घेऊन येतो म्हणून. तेव्हा लांब अंतर, पैसा किंवा इस्पितळांची वानवा ही कारणे इथे तरी बाजूला ठेवावी लागतात.

मग उरलेले कारण म्हणून सगळे एका सुरात ‘लाज’ असे सांगतात. समाज नावे ठेवतो, फौजीने रडायचे नसते, वगैरे. हे खोटे नाही, पण पुरेसेही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले, की नैराश्य आणि चिंतेसारखे नेहमीचे मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळतच नाहीत. म्हणजे लाज, अज्ञान आणि गैरसोय हे सगळ्या देशाचे दुखणे आहे. एखादा आक्षेपक इथेच विचारेल की मग माजी सैनिकाचे वेगळे काय घेऊन बसलात? वेगळेपण असे, की वैद्यकीय तपासणीची सवय या माणसाला जितकी असते तितकी देशात क्वचितच कोणाला असेल. भरतीच्या दिवशी त्याची छाती, दात, कान, तळवे सगळे तपासलेले असतात. पुढे दरवर्षी तपासणी. आजारी पडला की सिक रिपोर्ट. निवृत्तीनंतर गुडघा, साखर, रक्तदाब यांच्या गोळ्या तो पॉलिक्लिनिकच्या रांगेत उभा राहून, चारचौघांत, जराही न संकोचता घेतो. शरीराच्या इतर सगळ्या तक्रारी सांगणारा माणूस एवढी एकच तक्रार गिळतो, तेव्हा त्यामागे नुसती लाज नसते, हिशेब असतो. तो हिशेब त्याला नोकरीने शिकवलेला आहे. माझे म्हणणे असे, की तो हिशेब बहुतांशी बरोबर आहे, आणि म्हणूनच ‘बोलते व्हा’ अशा मोहिमांनी तो बदलत नाही.

हिशेबाची सुरुवात होते सैनिकाच्या वैद्यकीय श्रेणीपासून. लष्करात माणसाची तब्येत ‘शेप’ या शब्दाच्या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात: मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि दृष्टी. पाचही ठिकाणी पहिला वर्ग असेल तो शेप-वन. यात पहिलेच अक्षर मनाचे आहे. तिथे खालची श्रेणी मिळाली की पलटणीच्या बोलीत त्या माणसाला ‘कॅटेगरी लागली’. मग बढती अडते, कोर्स हुकतो, परदेशातल्या शांतिसेनेची संधी जाते, नोकरी वाढवून मिळण्याची आशा मावळते. शिवाय ही बाब डॉक्टर आणि रोगी या दोघांत राहत नाही. लष्करी डॉक्टरला दोन धनी असतात, समोरचा रोगी आणि त्याचा कमांडर. हे अन्यायाचे आहे असे मी म्हणणार नाही. ताबारेषेवर भरलेली रायफल घेऊन पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची मनःस्थिती त्याच्या कमांडरला कळायलाच हवी. न कळली तर शेजारच्या जवानाचा जीव जातो. लष्कराची ही व्यवस्था लष्करापुरती योग्य आहे. पण सतरा वर्षांत माणूस तिच्यातून एक धडा घेतो, की मनाचे सांगितले तर नोंद होते आणि नोंद झाली की काहीतरी हातचे जाते. डिस्चार्ज बुक हातात पडल्यावर युनिफॉर्म उतरतो, हा धडा मात्र अंगात राहतो.

या धड्याचा इतिहास लांबचा आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर शेकडोंनी तुरुंगवास भोगला. फ्रान्सच्या आघाडीवरल्या हिंदी सैनिकांची घरची पत्रे तेव्हा सरकारी सेन्सॉर उघडून वाचत असे. सैनिकांना हे ठाऊक होते, म्हणून ते काळी मिरी, लाल मिरची असल्या खुणेच्या शब्दांत हिंदी आणि गोऱ्या सैनिकांबद्दल लिहीत. आई-बायकोला लिहिलेल्या पत्रात भीतीसुद्धा मसाल्याच्या पुडीत बांधून पाठवावी लागे. त्याच युद्धात ब्रिटिश लष्कराने भित्रेपणा, पळून जाणे अशा आरोपांखाली ज्यांना गोळ्या घातल्या त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ साली, नव्वद वर्षांनी. त्यांतल्या काहींना आज आपण आजारी म्हटले असते. युद्धाने मनावर होणाऱ्या या आघाताला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली तीच १९८० मध्ये. हिंदी फौज याच व्यवस्थेत वाढली. तिची शिस्त, तिचा अभिमान आणि तिचे मौन एकाच वारशातले आहे.

निवृत्तीच्या वेळी तरी हे बदलावे. प्रत्येक जवानाची सुटण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. मनात साचलेले सांगायची कायदेशीर, फुकट आणि अधिकृत जागा खरे तर तीच. पण नेमकी त्याच वेळी त्याला शेप-वन म्हणून सुटायचे असते, कारण पुढची भाकरी त्यावर आहे. डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती व्हायचे तर शेप-वन लागते. पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारासारख्या ठिकाणी पहारा देतात ते याच कोअरचे जवान. खासगी रखवालीत बंदूक असेल तर पगार बरा मिळतो, आणि बंदुकीला परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे मनोविकल ठरलेल्या माणसाला परवाना मिळत नाही, आणि २०१६ च्या नियमांनुसार अर्जासोबत मानसिक व शारीरिक तंदुरुस्तीचे डॉक्टरी प्रमाणपत्र जोडावे लागते. नियम शहाणपणाचा आहे. ज्याचे मन थाऱ्यावर नाही त्याच्या हाती दुनळी देऊ नये. पण फौजीच्या बाजूने पाहा. झोपेच्या तक्रारीवर मेयोतून आणलेली एक चिठ्ठी आणि ‘मनोविकल’ हा शिक्का यांत कायद्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. सराफ्यातल्या मालकाच्या दृष्टीने ते तेवढे असेलच याची हमी कोण देतो? ज्याचा रोजगार ‘हा माणूस भरवशाचा आहे’ या एकाच वाक्यावर उभा आहे, तो त्या वाक्याला तडा जाईल असा कागद स्वतःच्या हाताने तयार करणार नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणू नये. घर चालवणारा कोणीही हेच करील.

दुसरीकडे, सांगितलेच तर त्यावर लगेच संशयाची सावली पडते. अपंगत्वाचे पेन्शन मिळायचे तर आजार लष्करी सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला असे ठरावे लागते. तुटलेल्या पायाचे हे ठरवणे सोपे. न येणाऱ्या झोपेचे कठीण. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात तत्त्व स्पष्ट केले: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असे धरायचे, आणि आजार सेवेमुळे झालेला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. त्यानंतरही जवान न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवतातच. शासनाची बाजूही ऐकली पाहिजे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसले, की दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत सुमारे ३६ ते ४० टक्के, तर जवानांत सुमारे १५ ते १८ टक्के लोकांना अपंगत्वाचा लाभ मिळत होता, आणि त्यात रक्तदाब-मधुमेहासारख्या विकारांचा वाटा मोठा होता. गैरफायदा घेतला जातो ही शंका अशा आकड्यांवरून बळावली, आणि त्याच वर्षी नियम नव्याने लिहिले गेले. मला या आकड्यांत दुसरेच काही दिसते. बर्फात, जंगलात, पहाऱ्यावर जास्त झिजतो तो जवान. पण कागद कसा हलवायचा हे ज्याला कळते त्याचे दुखणे नोंदले जाते, आणि ज्याला कळत नाही तो फिट म्हणून घरी येतो. सवलत लाटणाऱ्यांना चाप लावण्यासाठी संशय वाढवला, तर त्याचा पहिला फटका सवलत न मागणाऱ्यालाच बसतो, कारण आपल्याला कोणी ढोंगी म्हणू नये याची चाड त्यालाच जास्त असते.

या सगळ्यात एक औषध मात्र बिननोंदीचे आहे, तेही शासनमान्य. कॅन्टीन कार्डावर ठरलेल्या कोट्याची रम स्वस्तात मिळते, तिच्यासाठी कोणता वैद्यकीय बोर्ड बसत नाही आणि घेणाऱ्याला कोणी आजारी म्हणत नाही. निम्हान्सच्या त्याच सर्वेक्षणात दारूच्या विकाराचे उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाणही ८६ टक्क्यांच्या घरात होते. कोटा बंद करा असे मी सुचवत नाही. तसे सुचवणाऱ्याला कामठी रोडवर फिरणे अवघड होईल. पण एका बाजूला मनाची तक्रार सांगितली तर नुकसान आणि दुसऱ्या बाजूला ती बुडवायची सोय सवलतीच्या दरात, अशी मांडणी आपणच करून ठेवली आहे, एवढे तरी कबूल करावे.

मौनाला आणखी एक पदर आहे, आणि तो नागपुरात विशेष जाणवतो. फौजी घरी येतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर घराण्याची, गावाची, समाजाची शान येते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्तापायी महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले. सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीने तो अपमान पाहिला. १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली; तिची दुसरी पलटण कामठीची. ज्या समाजाला सैनिक होण्याचा हक्कच भांडून मिळवावा लागला, त्या समाजातला माजी सैनिक ‘मला जमत नाही’ असे म्हणतो तेव्हा ते वाक्य त्याच्या एकट्याचे राहत नाही, निदान त्याला तसे वाटते. मराठा, कुणबी, गोवारी, कोणत्याही घरातल्या फौजीला हे ओझे कमी-अधिक असतेच. आणि शहराला तरी फौजी कितीसा ठाऊक असतो? सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असा वर्षातून तीन दिवस उघडतो. फौजीशी आपली ओळखही बहुधा तेवढ्याच दिवसांची. झेंड्याजवळ उभा असलेला फौजी आपल्याला हवा असतो. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या फौजीचे काय करायचे ते आपल्याला कळत नाही. शहराने त्याला दिलेला मान खरा आहे, पण त्या मानात आजारी पडायला जागा नाही.

यावर लष्करातली जाणती माणसे एक आक्षेप घेतात आणि तो गंभीर आहे. ते म्हणतात, हे अमेरिकी दुखणे आपल्याकडे ओढून आणू नका. आपला जवान पलटणीच्या नात्यात राहतो, धर्मगुरू असतो, सुभेदार साहेब बापासारखे असतात, घरी एकत्र कुटुंब असते. त्याला अमेरिकी सैनिकाइतका त्रास होत नाही. यात तथ्य आहे. पलटणीचे नाते हे खरोखर औषध आहे. पण मग निवृत्तीच्या दिवशी नेमके तेच औषध बंद होते, याचा विचार कोणी करायचा? एकत्र कुटुंबाचेही तसेच. सतरा वर्षे बायकोने एकटीने घर चालवलेले असते, मुले बापाला रजेवरचा पाहुणा म्हणून ओळखत असतात, भावांनी शेती आपापल्या पद्धतीने लावलेली असते. त्या घरात कायमचा परतलेला माणूस जागा शोधत फिरतो. सेवेतल्यांचा दाखला घ्या: गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या केंद्रीय दलांत २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ७३० जवानांनी आत्महत्या केल्या, आणि मंत्रालयाच्या कृती दलाला असे आढळले की त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक रजेवरून परतल्यानंतरच्या होत्या. ही दले लष्कराहून वेगळी आहेत आणि आत्महत्येला एकच कारण नसते. तरी घर म्हणजे आपोआप विसावा हे गृहीतक एवढ्याने तरी डळमळावे. लष्करातल्या ताणाबद्दल दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचा एक अभ्यास २०२१ च्या सुरुवातीला गाजला होता. निम्म्याहून अधिक जवान तीव्र ताणाखाली आहेत असा त्याचा निष्कर्ष होता. लष्कराने तो नमुना अपुरा म्हणून नाकारला, आणि अभ्यास संकेतस्थळावरून उतरवला गेला. नमुना लहान होता हे खरेच. पण त्यावर उपाय मोठा नमुना घेण्याचा असतो. अमेरिकेतल्या अभ्यासातूनही आपल्याला हवे ते उचलता येते. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्यांचा चार्ल्स होग यांचा २००४ सालचा अभ्यास सांगतो, की ज्यांच्यात मनोविकाराची लक्षणे होती त्यांपैकी २३ ते ४० टक्क्यांनीच मदत घेतली, आणि आपल्याकडे दुबळा म्हणून पाहिले जाईल, करिअर बिघडेल ही धास्ती निरोग्यांपेक्षा त्यांनाच सुमारे दुप्पट होती. ज्याला गरज जास्त तोच जास्त घाबरतो, ही गोष्ट कामठीत आणि टेक्ससात वेगळी असण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. फौजींच्या मनोविकारांवर असे लेख लिहिले की मालक लोक बिचकतील, आणि जो ठणठणीत आहे त्याचीही नोकरी जाईल. बहुसंख्य माजी सैनिक ठणठणीतच असतात, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे. पण या आक्षेपाचा अर्थ असा होतो, की थोड्यांनी आजार लपवला तरच सगळ्यांची भाकरी सुरक्षित. ही अट फार काळ टिकत नाही. लपवलेला आजार एखाद्या रात्री घरात किंवा दुकानात उघडा पडतो, आणि मग मालक सगळ्यांनाच बिचकतात. उपचार घेणारा रखवालदार न घेणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो, हे मालकाला पटवणे हे काम आहे, आणि ते मेस्कोसारख्या पुरवठादार संस्थेला, मनात आणले तर, एकेकट्या फौजीपेक्षा कितीतरी सोपे आहे.

उपाय शोधायचा तर सांगण्याची किंमत कमी करण्याच्या दिशेने शोधावा लागेल. ऑस्ट्रेलियाने गेल्या दशकात हेच केले. पूर्णवेळ लष्करी सेवेचा एक दिवसही केलेल्या माणसाला तिथे कोणत्याही मनोविकारावर फुकट उपचार मिळतात, आणि आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करावे लागत नाही. भरपाईचा वाद वेगळा चालतो, उपचार त्यासाठी थांबत नाही. आपल्याकडे ईसीएचएससुद्धा आजाराचे कारण विचारत नाही, हे खरे. पण पॉलिक्लिनिकचा प्रभारी बहुधा निवृत्त अधिकारी असतो, रांगेत जुनी पलटण उभी असते, आणि तज्ज्ञाकडे जायला रेफरलची चिठ्ठी लागते. म्हणजे पुन्हा तोच हुद्दा, तीच नोंद. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष सुरू झाला, ते चांगलेच झाले. पण ज्याला लष्कराच्या नोंदीचीच भीती आहे, त्याला टेली-मानसचा १४४१६ हा सर्वांसाठीचा क्रमांक अधिक मोकळा वाटेल, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ रुग्णाला माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देते. गांधीबागेतल्या रखवालदाराला या कलमाची खबर नाही, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर ते लिहिले गेले तर शाईपलीकडे खर्च नाही. पेन्शनर दरवर्षी हयातीचा दाखला देतो. माणूस जिवंत आहे ना, एवढे शासन वर्षातून एकदा नियमाने विचारते; तो कसा आहे, झोपतो का, हे त्याच वेळी, कागदावर नाव न लिहिता, बाहेरच्या डॉक्टरकडून विचारता येईल. आणि हा प्रश्न बायकोलाही विचारावा. तिला सगळे आधी कळते, तिची कुठलीही श्रेणी घसरत नाही, आणि ईसीएचएसचे कार्ड तिच्याकडेही असते.

हे सगळे निकडीचे होण्याचे कारण अग्निपथ आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या सैन्यभरतीच्या योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. पहिल्या तुकडीची मुदत २०२६-२७ च्या हिवाळ्यात संपते. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे हयातीचा दाखला नाही, पॉलिक्लिनिकची रांग नाही, सैनिक कल्याण कार्यालयात खाते नाही. वय असेल विशीतले, आणि पुढच्या प्रत्येक भरतीसाठी फिट असणे ही त्यांची एकमेव पुंजी. आधीच्या पिढीपेक्षा त्यांना गप्प बसायला जास्त कारणे आहेत. वन रँक वन पेन्शनसाठी माजी सैनिक संघटना दिल्लीच्या जंतरमंतरवर महिनोन्‌महिने बसल्या आणि २०१५ मध्ये त्यांनी सरकारला झुकवले. तेवढ्याच जोराने त्यांनी आता दोन मागण्या लावून धराव्यात: सुटतानाच्या तपासणीतली मनाची मुलाखत लष्कराबाहेरच्या डॉक्टरने घ्यावी आणि तिची नोंद श्रेणीला चिकटू नये, आणि एक दिवस जरी गणवेश घातला असेल त्या प्रत्येकाला मनाच्या आजारावर आयुष्यभर फुकट उपचार मिळावेत.